बाटलीतली राख

माली, थर्मास माझ्या टेबलावर आहे आणि बूच तू घेऊन गेलीस. कुठं ठेवलंस कोण जाणे. तुझ्या दवाखान्यातलं कपाट धुंडाळलं, सायकलच्या पिशवीत हात घातला, तुझ्या भावाला विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की ही बाई शुद्धीवर आहे ना. तेराव्याला आलेली माणसं गोडाचं जेवून, हात धुऊन, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलत ओटीवर बसली होती आणि मी आत थर्मासचं बूच शोधत हिंडत होते. बसवेचना मला. अजूनही बसवत नाही. हे लिहितेय तेही दोन ओळी लिहून उठते, खिडकीशी जाते, परत येते.

मासिकवाल्यांनी निरोप पाठवलाय, डॉक्टर मालतीबाईंवर चार शब्द लिहा, जन्म, शिक्षण, समाजकार्य असं सगळं येऊ द्या. समाजकार्य! ऐकलं असतंस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. ते सगळं तुझा भाऊ लिहील, त्याचं अक्षर चांगलं आहे. माझं तुझ्याशी भांडण अर्धवट राहिलंय, ते आधी पुरं करू दे.

भांडण तसं जुनंच. वसतिगृहात एका खोलीत होतो तेव्हापासूनचं. तू डॉक्टरकीला, मी बी.एस्सी.ला. तू खिडकी उघडायची, मी लावायची. तू 'सुमे' अशी लाडात हाक मारलीस की मी ओळखायची, बाईसाहेबांनी काहीतरी काम काढलंय. पुढे तू चिंचवडात दवाखाना थाटलास, मी पुण्याच्या प्रयोगशाळेत लागले, आणि मला वाटलं, चला, सुटले. कसली सुटतेय! एके दिवशी लोणावळ्याकडून येणारी पॅसेंजर पकडून तू थेट माझ्या खोलीत उभी. हातात हाच थर्मास. म्हणालीस, "सुमे, यात बर्फ आहे आणि बर्फात बाळांची शी आहे. तुझ्या उंदरांना दे."

मी तोंडावर पदर धरला, तर म्हणालीस, "नाटकं करू नकोस, रोज काय अत्तर हुंगतेस?"

खरंय, अत्तर नाही हुंगत. आमचं काम माझ्या आईलाही मला अजून नीट समजावता आलेलं नाही. व्हायरस म्हणजे जंतूंपेक्षाही बारीक. आमच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, जंतू वाढवायच्या बशीत वाढत नाही. जिवंत प्राण्यात वाढला आणि प्राणी आजारी पडला, की मग म्हणायचं, आहे. म्हणून आम्ही नमुना गाळून नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना टोचतो आणि वाट बघत बसतो. पिल्लांना हात लावायच्या आधी त्यांच्याच पिंजऱ्यातला भुसा हाताला चोळायचा, नाहीतर माणसाचा वास लागला म्हणून आईच पिल्लं खाऊन टाकते. हे तुला सांगितलं तेव्हा तू बाह्या वर सारल्यास. मग विचारलंस, "मी चोळू का भुसा?" आणि चोळलासही, कोपरापर्यंत.

तो थंडीचा मोसम होता. थंडीत बर्फ मिळवणं ही तुझी आणखी एक कथा. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात एक सिंधी लस्सीवाला होता, त्याच्याकडे तू बर्फ मागायला गेलीस. तो म्हणाला, "डॉक्टरनी, ठंड में बरफ? घर में कोई मर गया क्या?" तू म्हणालीस, "नहीं भाई, कोई मरे नहीं इसलिए." तेव्हापासून त्याने तुझ्याकडून बर्फाचा एक पैसा घेतला नाही. तेराव्याला तो आला होता गं तुझ्या घरी. ओटीखाली चपला काढून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मला तिथं रडू फुटलं, त्याआधी नाही फुटलं.

तू सांगत होतीस ते असं. चिंचवडात, पिंपरीत, पलीकडे काळेवाडीत, लहान मुलांना आधी खोकला होतो, नाक वाहतं, छातीत घुरघुर होते, आणि खोकला कमी होतोय म्हणेस्तोवर पातळ जुलाब सुरू. हगवण नाही, पटकी तर नाहीच. नेहमीच्या तपासणीत एकही जंतू सापडत नाही. "सुमे, हे काहीतरी निराळं आहे. आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही असं." मी म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्ट निराळीच वाटते. मेसच्या आमटीतही तुला निराळं काहीतरी दिसायचं." तू म्हणालीस, "होतंच ते. झुरळ होतं."

आमच्या साहेबांपुढे मी नमुने ठेवले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. भला माणूस, पण पुरावा असल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा सांगायचे नाहीत. पिल्लं टोचली. पिल्लं ठणठणीत. पुन्हा नमुने आले, पुन्हा टोचली. पिल्लं मजेत दूध पिऊन गुबगुबीत झाली. एकच गोष्ट आम्हाला विचित्र वाटत होती, बाटल्यांतली शी करड्या रंगाची असायची. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, यकृताचं काहीतरी दिसतंय, रंग टिपून ठेवा. मी इमानेइतबारे रंग टिपून ठेवायला लागले. तुला कळवलं, तर तू उखडलीस. "करडी कुठली? मी घरोघरी पाहते, पिवळी असते, हिरवट असते. करडी एकही पाहिली नाही." मी म्हणाले, "गाडीत येता येता रंग बदलत असेल." तू म्हणालीस, "गाडीत काय इंजिनाचा धूर लागतो तिला?" तू चिडलीस की गाड्यांनाही नावं ठेवायचीस.

मग साळूबाईची पोरगी गेली.

साळूबाई काळेवाडीची. नवरा पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात हमालीला. पोरगी चालायला लागलेली, दुडुदुडु. खोकला झाला, मग जुलाब. जुलाब लागले की मुलाला उपाशी ठेवायचं ही आपल्याकडची रीतच. पोटाला आराम म्हणतात त्याला. तुझ्याकडे आणली तेव्हाच तिचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तू तिला चमच्या-चमच्याने मीठ घातलेली पेज पाजत बसलीस, मांडीत कातडीखाली सलाईन दिलंस. संध्याकाळी ती गेली. आणि तिचा बाप तुझ्या दवाखान्याच्या दारात उभा राहून ओरडला, "आमच्या कारखान्यात त्या औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या भरत्यात, अन् माझ्या पोरीला त्येची येक सुई न्हाई?"

तुझ्या कपाटात पेनिसिलिन होतं. सगळ्यांना दिसत होतं, काचेचंच कपाट. तू दिलं नाहीस, कारण तुझ्या मते हा जंतूंचा आजारच नव्हता, त्यावर ती सुई म्हणजे पाणी टोचण्यासारखं. आपलं भांडण झालं ते इथंच. मी म्हणाले, "द्यायचीस गं एक सुई. काय बिघडलं असतं? निदान बापाच्या मनाला समाधान." तुझा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. म्हणालीस, "समाधानाची सुई मी देत नाही. आज हिला दिली की उद्या सगळी वस्ती सुईची वाट बघत पोरं उपाशी ठेवील. पेज कुणी पाजणार नाही." मी म्हणाले, "पाजतंय कोण आत्ता तरी? तुझ्या दवाखान्यात माशा नाहीत मारायला." हे मात्र खरंच होतं. काळेवाडीहून माणूस यायचं बंद झालं. बाईंनी सुई दिली असती तर पोर जगलं असतं, असं बाजारात बोलत होते. खेडला गेलेल्या माझ्या मावसभावाच्या कानावरसुद्धा ते आलं, इतकं ते पसरलं होतं.

आणि तू? तू म्हणालीस, "मला तो शोधून दे, सुमे. एकदा दाखवून दे की व्हायरस आहे. मग मी त्या बापाला तोंड वर करून सांगेन." मी म्हणाले, "नाव कळून काय होणार? औषध आहे का त्यावर?" तू म्हणालीस, "नाव कळलं की सुई थांबेल." मी म्हणाले, "काही थांबत नाही." हे असं आपण स्टेशनपर्यंत चालत बोलत होतो आणि गाडी सुटेपर्यंत बोलत होतो. तू खिडकीतून हात हलवायच्या ऐवजी बोट नाचवत गेलीस.

त्यानंतर काही दिवसांनी तू आलीस ती धापा टाकत. खुर्चीवर बसलीस, हसायला लागलीस, हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी घाबरले. "राख आहे ती, सुमे! राख!" मला काही कळेना. मग तू सांगितलंस. सकाळच्या वेळी एका घरी बसली होतीस. घरातलं तान्हं अंगणात बसलं, बसून झाल्यावर आईने चुलीतली मूठभर राख आणून त्यावर टाकली, मग खापरीने भरून उकिरड्यावर नेली. रोजचीच गोष्ट. तू पाहिलंस आणि ओरडलीस, "अगं, बाटलीत भरतानाही असंच करता का?" तर ती म्हणाली, व्हय, म्हंजे काय, उघडी कशी द्यायची बाईंच्या हातात? लाज न्हाई का वाटत?

घरोघरच्या त्या बायांनी तुझ्या मानापोटी, तुला घाण दिसू नये म्हणून, आधी राख टाकून मग बाटली भरली होती. आणि राखेचा खार असला जालीम, त्यात व्हायरस कुठला जिवंत राहायला! इकडे आम्ही शहाणे यकृताचा रोग टिपून ठेवतोय. बाई गं, किती हसलो आपण त्या दिवशी. साहेब दार उघडून बघून गेले, मग त्यांनाही सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे रंगाच्या नोंदी मागवून घेतल्या आणि स्वतःच्या हाताने खोडल्या. पुढे कितीतरी वेळ ते खिडकीशी उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

त्या दिवसापासून तू प्रत्येक घरात जाऊन सांगत सुटलीस, राख टाकू नका गं, माझी शपथ. बायांना पटायला वेळ लागला. एका आजीबाईंनी म्हणे तुला विचारलं, "येवढं शिकून ह्येच काम मिळालं व्हय?" हे तूच मला नक्कल करून दाखवलंस.

आणि मग मिळालं. चिंचवडातल्या एका मुलाचा नमुना, पिवळाधमक, माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी असली बाटली हातात धरली नव्हती. टोचलेली पिल्लं आधी बरी होती, मग एका सकाळी मागचे पाय ओढायला लागली. लुळी. मी साहेबांना हाक मारली, तुला तार करायला निघाले. साहेब म्हणाले, थांबा. एकदाच मिळालंय. आपल्या उंदरांच्याच अंगात आधीपासून असलेला कुठलातरी व्हायरस असला तर? त्याच भागातल्या दुसऱ्या मुलाकडून हेच पुन्हा मिळालं, तर म्हणेन. मला त्यांचा असा राग आला! पण बोलणं बरोबर होतं. तुला सांगितलं तर तूही म्हणालीस, बरोबर आहे त्यांचं. तेवढ्यापुरती तुम्ही दोघं एक झालात.

दुसरा नमुना आणायच्या आधी तू पिवळी पडलीस. डोळे हळदीसारखे. मी म्हणाले, रजा घे, तू म्हणालीस, उसाचा रस पितेय ना. कावीळ काय, लोकांना होते आणि जाते, तुझी का नाही गेली? त्याच वस्तीतलं पाणी तू पीत होतीस, घरोघरी हातावर ठेवलेला गूळ खात होतीस. कुणी दिलेलं नाही म्हणायचं नाही हा तुझा नियम. जाळ तो तुझा नियम, मेले! माफ कर. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. पण मला तुझा राग येतो, माली. भाजी चिरताना येतो, रस्त्यात चालताना येतो. कावीळही व्हायरसचीच म्हणतात, आणि तो अजून जगात कुणालाच पकडता आलेला नाही. माझ्या हातात उंदीर, सुया, बर्फ सगळं होतं, आणि तुझ्यापुढे त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

हॉस्पिटलात तू शेवटी शेवटी भ्रमात बोलायचीस. एकदा मात्र नीट डोळे उघडून मला म्हणालीस, "काळेवाडीहून आण." मी म्हणाले, "काळेवाडीत मला कोण उभं करील? तिथं तुझं नाव काढायची सोय नाही." तू काहीतरी म्हणणार होतीस. ओठ हलले. तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. ते काय होतं, हे मी रोज स्वतःला विचारते.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बुचाच्या जागी कापडाचा बोळा कोंबून मी थर्मास घेतला आणि चिंचवडला उतरले. लस्सीवाल्याने न मागता बर्फ भरून दिला. पवना नदी उतरून काळेवाडीत गेले. कुणाचं मूल आजारी आहे का, म्हणून पहिल्याच घरी विचारलं. त्यांनी बोट दाखवलं ते साळूबाईच्या घराकडे. तिचं धाकटं, मांडीवरचं, खोकत होतं आणि आदल्या दिवसापासून जुलाब लागले होते. मला वाटलं, परत फिरावं. ती दारात आली. मी म्हणाले, "मी पुण्याहून आलेय. डॉक्टरीणबाईंची मैत्रीण." तिनं माझ्या हातातल्या थर्मासकडे बघितलं आणि ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती पळसाच्या पानावर नमुना घेऊन, वर दुसरं पान झाकलेलं.

"राख न्हाई टाकली," म्हणाली. "बाई रागवत्यात."

रागवत्यात म्हणाली, माली. रागवायच्या असं नाही म्हणाली.

मी बाटली भरली. चुलीवर काहीतरी रटरटत होतं, मी विचारलं, तर म्हणाली, पेज. "सुई नाही दिली कुठं नेऊन?" मी विचारलं. "न्हाई. बाईंनी सांगितलं व्हतं, पाजत राहा, उपाशी ठिवू नको. मालक लई बोलला मला. बोलू द्या." आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी तिथंच उंबऱ्यावर बसले. पोरगी गेल्यावर तू तिच्याकडे जात होतीस. नवरा कामावर गेला की सकाळी सायकल लांब लावून यायचीस आणि तिच्या अंगणात बसायचीस. बोलायची सुद्धा नाहीस फारसं. पहिल्या दिवशी तिनं तुला आत घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तरी तू जातच राहिलीस. "मी शिव्या दिल्या बाईसाब त्यास्नी. ऐकून घेतल्या. आमी पोरीचा दोष त्यास्नी दिला, अन् त्या आमच्याच दारात येऊन बसल्या." राख तू पाहिलीस ती तिच्याच अंगणात. 'एका घरी' म्हणालीस मला. कुणाच्या घरी, ते मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. मला, जिला तू मेसमधल्या झुरळापासून सगळं सांगायचीस!

मग मी कुणाला पटवून द्यायला धावत होते? जिला पटायला हवं होतं तिला उंदरांशिवायच पटलं होतं. म्हणजे भांडणात तू जिंकलीस, कारण तिच्या घरात सुई थांबली, आणि मीही, कारण ती थांबायला नाव कळायची गरजच पडली नाही. आता यावर तू काय म्हणशील ते मला ऐकायचंय आणि ऐकायला मिळणार नाही. हे सहन होत नाही. तुझ्यासारखं उलट बोलणारं दुसरं माणूस मी कुठून आणू?

काल सकाळी त्या नमुन्याने टोचलेल्या पिल्लांचा पिंजरा उघडला. पिल्लं मागचे पाय ओढत होती. साहेब वाकून बघत राहिले, सरळ झाले, आणि म्हणाले, "हो." एवढंच. मी हातही न धुता बाहेर पळाले आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले, कारण तुझ्या पॅसेंजरची वेळ झाली होती.

दुपारी काळेवाडीला गेले. साळूबाईचं मूल अंगणात बसून वाटी आपटत होतं, तोंडाला पेज चिकटलेली. मी तिला सांगितलं, सापडलं, चिंचवडच्या मुलात होतं तेच तुझ्या बाळातही सापडलं, सुईने त्या रोगाला काहीही झालं नसतं, बाई म्हणत होत्या ते खरं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पदराने मुलाचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आमाला त्यातलं काय कळतंय. पर बाईंना किती बरं वाटलं आसतं. त्यास्नी कुणी सांगायचं आता?"

मी सांगते, म्हटलं.

सापडला, माली. दोन्हीकडे सापडला.